सुहैलीच्या गावचा

ती फळी माझ्या हातात दोन तुकडे होऊन आली आणि माझ्या छातीत धस्स झालं.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं ते एक छोटं बोटयार्ड. जहाजबांधणीच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मी मुंबईहून तीन महिने तिथे काम शिकायला गेलो होतो. 1930च्या दशकातली एक शिडाची यॉट दुरुस्तीला आली होती. बाहेरच्या फळ्या सागाच्या, आतल्या फासळ्या ओकच्या. ओकच्या लाकडात आम्ल असतं. त्यात खारं पाणी मुरलं की लोखंडी खिळे गंजतात, फुगतात आणि भोवतालचं लाकूड काळं पडून भुसभुशीत होतं. अशा फळ्या सोडवण्याचं काम माझ्याकडे होतं.

नियम साधा होता. फळी काढण्याआधी पातळ प्लायवर तिचा आकार उतरवून घ्यायचा, प्रत्येक खिळ्याची जागा नोंदवायची आणि मगच हात लावायचा. बोटीच्या अंगाला जागोजागी वेगळा बाक असतो, त्यामुळे एका फळीच्या मापावर दुसरी कापता येत नाही. त्या दिवशी मी घाई केली. माप घेतलंच नाही.

तिथल्या मुख्य सुताराला मी मनातल्या मनात ‘मिस्त्री’ म्हणायचो. मिस्त्री रागावले नाहीत. त्यांनी दोन्ही तुकडे जमिनीवर जुळवले आणि आतली बाजू वर केली. तिथे पेन्सिलीने काढलेल्या खुणा होत्या. ‘‘हे ज्याने लिहिलं तो कधीच गेला,’’ ते म्हणाले. ‘‘त्याने काम कसं केलं, हे आता ही फळीच सांगणार.’’ थोडं थांबून त्यांनी विचारलं, ‘‘तू मुंबईचा ना? म्हणजे सुहैलीच्या गावचा!’’

मी नुसती मान हलवली. खरं सांगायचं तर सुहैली हे नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

नंतर वाचत गेलो तशी लाज वाढत गेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजांवरचा तरुण ब्रिटिश अधिकारी. 1960च्या दशकात त्याने मुंबईत स्वतःसाठी एक बोट बांधून घेतली. आराखडा विल्यम ॲटकिन यांचा, 1920च्या दशकातला, म्हणजे तेव्हाच जुनाट ठरलेला. नॉर्वेच्या बचावबोटींच्या वळणाचा, रुंद आणि दणकट. लांबी जेमतेम 32 फूट. लाकूड सागाचं. वाकस आणि दोरीने फिरवायचा सामता अशा पारंपरिक हत्यारांनी आपल्या सुतारांनी ती घडवली. 1965 साली ती मुंबईहून निघाली. वाटेत पैसे संपले म्हणून दक्षिण आफ्रिकेत थांबावं लागलं आणि 1967 साली ती इंग्लंडला पोचली.

पुढच्याच वर्षी ‘संडे टाइम्स’ने शर्यत जाहीर केली. एकट्याने, कुठेही न थांबता, शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा! तोवर हे कुणीही केलेलं नव्हतं. 14 जून 1968 रोजी सुहैली फाल्मथहून निघाली. अटलांटिकमध्येच तिच्या फळ्यांच्या सांध्यातून पाणी आत येऊ लागलं. नॉक्स-जॉन्स्टन समुद्रात उतरले, श्वास रोखून पाण्याखाली राहिले आणि सांध्यात कापसाचं सूत ठोकून वर तांब्याची पट्टी मारली. यार्डात मीही सांध्यांत असंच सूत ठोकत होतो, पण कोरड्या जमिनीवर उभा राहून. दोन हातांची दमणूक मला ठाऊक होती, त्यामुळे ते वाचताना अंगावर काटा आला. पुढे रेडिओ बंद पडला. कित्येक महिने त्यांचा पत्ता नव्हता. 22 एप्रिल 1969 रोजी, 312 दिवसांनी, सुहैली फाल्मथला परतली. शर्यतीत नऊ जण उतरले होते. ती पूर्ण करणारे नॉक्स-जॉन्स्टन एकटेच.

एवढी मानाची बोट, म्हणून पुढे तिला ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवलं. आणि समुद्राने जे केलं नाही ते कोरड्या हवेने करायला घेतलं. लाकूड वाळू लागलं, फळ्या आकसू लागल्या. अखेर 2002 साली तिला तिथून हलवावं लागलं. पुढे नॉक्स-जॉन्स्टन यांनी वयाच्या सत्तरीत स्वतःच्या हातांनी तिची दुरुस्ती केली, गंजलेले लोखंडी खिळे-बोल्ट बदलले आणि 2016 साली ती पुन्हा पाण्यात उतरली. लाकडी बोट जपायची तर ती पाण्यात हवी आणि तिच्यावर कुणाचा तरी हात फिरत राहायला हवा.

त्या शर्यतीला 50 वर्षं झाली म्हणून 2018 साली ती पुन्हा भरली. आपले नौदल अधिकारी अभिलाष टॉमी त्यात ‘थुरिया’ घेऊन उतरले. ही थुरिया म्हणजे सुहैलीच्याच घडणीची बोट आणि ती बांधली होती गोव्यात. हिंदी महासागराच्या वादळात डोलकाठी मोडली, टॉमी जबर जखमी झाले, त्यांना वाचवलं गेलं. शर्यत सुटली. पण आपल्या किनाऱ्यावर लाकडात अशी बोट घडवणारे हात अजून आहेत, एवढं त्या बोटीने दाखवून दिलं.

शर्यतीच्या इतिहासात कप्तानाचं नाव आहे आणि ते असायलाच हवं. पण ज्यांनी वाकस चालवला त्यांची नावं कोण घेतं? आपल्या कोकणच्या खाड्यांत लाकडी होड्यांची जागा फायबरच्या होड्यांनी घेतली आहे. बापाच्या हाताखाली शिकलेली सुतारांची शेवटची पिढी आता म्हातारी झाली आहे. त्यांचं शास्त्र कागदावर नाही, हातात आहे.

मिस्त्रींनी नंतर मला ती तुटलेली फळी जोडायला लावली आणि तिच्यावरून माप घ्यायला लावलं. नवी फळी बसली तेव्हा तिच्या आतल्या बाजूला मीही पेन्सिलीने खुणा केल्या. तुमच्या गावात कुणी होडी बांधणारं असेल, तर त्यांच्याशेजारी तासभर बसा. त्यांचं नाव, त्यांच्या हत्यारांची नावं, मापं घेण्याची रीत लिहून घ्या. फळी निघाल्यावर माप घ्यायला गेलं की किती कष्ट पडतात, ते मी पाहिलं आहे.