एका दुर्मीळ गाठीची ओळख

प्रोस्टेटचा कर्करोग म्हटले की आपल्याला पीएसए ही रक्तचाचणी आठवते. हे प्रथिन प्रोस्टेटच्या स्रावक पेशी बनवतात. पण ग्रंथीत त्यांना आधार देणारी तंतुमय ऊतीही असते. क्वचित तिच्यातच गाठ होते. मग लघवी अडली तरी पीएसए वाढलेले नसते. अशाच एका गाठीचा, एकल तंतुमय गाठीचा, इतिहास आम्ही येथे मांडत आहोत.

१९३१ साली क्लेम्पेरर व रॅबिन यांनी फुप्फुसाच्या आवरणातील गाठींचे पसरणारी आणि एकाच जागी वाढणारी असे दोन प्रकार केले. दुसरा प्रकार पुढे इतर अवयवांत, प्रोस्टेटमध्येही, आढळला.

आपल्याकडे १९४१ साली मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत खानोलकरांकडे होती. गाठीचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, हीच त्या काळातली मुख्य कसोटी. परंतु चातीसारख्या लांबट पेशी अनेक गाठींत सारख्याच दिसतात. नाव चुकले तर उपचार चुकतो.

हा पेच २०१३ साली सुटला. या गाठीत बाराव्या गुणसूत्रावरील नॅब-२ व स्टॅट-६ ही जनुके एकमेकांना जोडली जातात, असे दिसले. त्यामुळे स्टॅट-६ प्रथिन पेशीकेंद्रकात साचते आणि विशिष्ट रंजनाने कापावर ओळखता येते.

नेहमीच्या प्रोस्टेट कर्करोगावरील संप्रेरक-रोधक औषधे येथे उपयोगी नाहीत. सुईने तुकडा काढून निदान करतात, एमआरआयने व्याप्ती पाहतात आणि गाठ भोवतालच्या निरोगी कडेसह पूर्ण काढतात. कधी सबंध प्रोस्टेटच काढावी लागते. गाठ उशिरा उलटू शकते, म्हणून तपासणी अनेक वर्षे चालू ठेवतात.

ऊतींचा धडा शिकवताना विद्यार्थ्यांना विचारावे: ही चाचणी नेमकी कोणत्या पेशींविषयी सांगते?