तुटलेले सांधणारे हात : नागझिऱ्याच्या उन्हापासून ट्रॉम्बेच्या प्रयोगशाळेपर्यंत

गोंदिया जिल्ह्यातील नागझिऱ्याचे जंगल पानगळीचे आहे. ऐन, मोह, तेंदू, साग उन्हाळ्याच्या तोंडाशी उघडे पडतात आणि त्याच सुमारास कुसुमाला तांबडी लालभडक पालवी फुटते. त्या कोवळ्या पानावर जे ऊन पडते, त्यात दृश्य प्रकाशासोबत अतिनील किरणेही असतात. हे किरण पेशीतील डीएनएच्या शेजारशेजारच्या दोन अक्षरांना एकमेकांस चिकटवून टाकतात. मजकूर वाचणारे यंत्र तिथे अडखळते. दुरुस्ती झाली नाही, तर पेशी मरते किंवा चुकीची नक्कल पुढे जाते.

पानाजवळ मात्र यावर उपाय आहे आणि तो त्याच उन्हात दडलेला आहे. ही गोष्ट माणसाला कशी उमगली आणि पुढे दुरुस्तीचे एकेक प्रथिन प्रत्यक्ष काम करताना कसे पाहता आले, त्याचा हा इतिहास. धागा लांब आहे, मित्रहो. पण त्यातला एक महत्त्वाचा प्रयोग आपल्या मुंबईत झालेला आहे.

प्रारंभ १९४९ सालचा. अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे आल्बर्ट केल्नर हा संशोधक अतिनील किरणांनी मारलेल्या सूक्ष्मजीवांतील किती जगतात, हे मोजत होता. आकडे काही केल्या जुळेनात. एका खेपेस मूठभर जगत, दुसऱ्या खेपेस कित्येक पटींनी अधिक. त्याचा पहिला संशय तापमानावर गेला. तापमान काटेकोर राखूनही गोंधळ कायम राहिला. अखेर लक्षात आले, की काचेचे जलपात्र खिडकीजवळ ठेवलेले होते आणि काही नमुन्यांवर दिवसाचा उजेड पडत होता. उजेडातले जगत होते, अंधारातले मरत होते. त्याच वर्षी रेनातो दुल्बेको यांना विषाणूंच्या प्रयोगात, दिव्याखाली रचलेल्या बशांमुळे, हेच दिसले. त्रासदायक वाटणारा आकडा फेकून न देता त्याचा पाठपुरावा करणे, हा गुण इतिहासाच्या अभ्यासकालाही ओळखीचा वाटावा.

या चमत्कारामागे एक विकर आहे, हे १९५८ साली क्लॉड रूपर्ट यांनी दाखवले. फोटोलायेझ हे त्याचे नाव. निळा प्रकाश शोषून ते चिकटलेली अक्षरे सोडवते. रूपर्ट यांचेच विद्यार्थी अझीझ संकार यांनी पुढे या विकराचे आणि उजेडाविना चालणाऱ्या दुरुस्तीचे काम उलगडले. २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना टोमास लिंडाल आणि पॉल मॉड्रिच यांच्यासह मिळाले.

इथे एक गमतीची बाब नोंदवतो. वनस्पती, मासे, बेडूक, पक्षी या सर्वांजवळ फोटोलायेझ आहे. कांगारूच्या कुळातही ते आहे. वार असलेल्या सस्तन प्राण्यांनी मात्र उत्क्रांतीच्या ओघात ते गमावले. म्हणजे नागझिऱ्याच्या तलावाकाठी कुसुमाजवळ ते आहे, बेडकाजवळ आहे, खंड्याजवळ आहे. वाघाजवळ नाही आणि त्या वाघाला पाहायला जिप्सीत बसलेल्या पर्यटकाजवळही नाही. आपल्याला बिघडलेला तुकडा कापून काढून तिथे नवा विणावा लागतो. ही व्यवस्था जन्मतः मोडलेली असली, तर ऊन हेच विष ठरते. झीरोडर्मा पिगमेंटोसम या आजारात नेमके तेच घडते, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ साली दाखवले.

आता खरी अडचण. परीक्षानळीत अब्जावधी रेणू असतात आणि हाती येते ती त्यांची सरासरी. समजा, दुरुस्ती निम्म्या वेगाने होते असे दिसले. मग सगळेच रेणू सावकाश चालले, की निम्मे धावले आणि निम्मे बसून राहिले? सरासरी याचे उत्तर देत नाही. शिरगणतीवरून एखाद्या गावातील एका कुटुंबाची रोजनिशी लिहिता येत नाही, तशीच ही गत. एकेका रेणूची रोजनिशी हवी होती.

त्यासाठीची साधने भौतिकशास्त्रातून आली. १९८६ साली आर्थर ॲश्किन यांनी लेसरच्या झोतात सूक्ष्म मणी पकडून धरणारा प्रकाशाचा चिमटा सिद्ध केला. १९८९ साली मोर्नर आणि काडोर यांनी एकट्या रेणूचा प्रकाशीय माग घेतला. डीएनएचा धागा जेमतेम दोन नॅनोमीटर जाडीचा. साध्या प्रकाशाला तो वेगळा दिसत नाही. पण त्यावर चमकणारा रंग चढवला किंवा प्रथिनाला एक तेजस्वी कण बांधला, तर काळोखात कंदील घेऊन चाललेल्या माणसासारखा त्याचा मार्ग दिसतो. २०१० साली नील कॅड, बेनेट व्हॅन हाउटन आणि सहकाऱ्यांनी सिलिकाच्या मण्यांमध्ये डीएनए डोंबाऱ्याच्या दोरीसारखा ताणून बांधला आणि जिवाणूंतील दुरुस्तीची प्रथिने त्यावर सोडली. यूव्हीआरए एकटे असताना धाग्यावर बसे, उडे, दुसरीकडे बसे. यूव्हीआरबीची साथ मिळताच ते धाग्यावरून सरकत शोध घेऊ लागले. दोघे मिळून वेगळ्याच रीतीने शोधतात, हे सरासरीच्या आकड्यात दिसणे अवघड होते.

आता आपल्याकडे वळू. नाशिक जिल्ह्यातील लासलगावी २००२ साली ‘कृषक’ हे विकिरण केंद्र सुरू झाले. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून त्यावर ६० ते ९० ग्रे इतकी गॅमा किरणांची मात्रा देतात. एवढ्याने कोंबाच्या पेशींतील डीएनए इतका तुटतो, की त्यांचे विभाजन थांबते. माणसाला तर पाच ग्रेच्या आसपासची मात्रा अंगभर एकदम मिळाली, तर ती बहुधा प्राणघातक.

हे आकडे ध्यानात ठेवून १९५६ सालाकडे चला. त्या वर्षी ४ ऑगस्टला ट्रॉम्बे येथे ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. त्याच वर्षी अमेरिकेत ओरेगॉनमधील कॉर्व्हालिस येथे आर्थर अँडरसन आणि सहकाऱ्यांनी एका विचित्र जिवाणूची नोंद केली. डबाबंद मांस गॅमा किरणांनी निर्जंतुक करण्याचे प्रयोग चालू होते आणि सारे मेले असे मानलेल्या डब्यात तांबूस वाढ दिसली. तोच आजचा डायनोकॉकस रेडिओड्युरन्स. पाच हजार ग्रे मात्रा पचवून त्याच्या बहुसंख्य पेशी जगतात. मात्रा आणखी वाढवली, तर गुणसूत्रांच्या शेकडो चिंध्या होतात आणि काही तासांत त्या पुन्हा योग्य क्रमाने जोडल्या जातात.

कसे? त्याच्या पेशीत जनुकसंचाच्या अनेक प्रती असतात. एका प्रतीतील खंड दुसरीवरून ताडून भरता येतो. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना पोथ्या पोथ्यांशी ताडून पाहत, तसे काहीसे. उपमा पुरती लागू पडत नाही, कारण इथे ताडणारा पंडित कोणी नाही. आहेत ती प्रथिने.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात श्री. कु. आपटे, हरी मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जिवाणूवर वर्षानुवर्षे काम केले. १९९९ साली त्याचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा एक उणीव सर्वांच्या नजरेत भरली. ई. कोलाय या आपल्या आतड्यातील जिवाणूजवळ तुटलेल्या डीएनएची डागडुजी सुरू करून देणारे रेकबीसीडी नावाचे यंत्र असते. डायनोकॉकसजवळ त्यातले रेकडी आहे. रेकबी आणि रेकसी नाहीतच. दुरुस्तीतला सर्वांत निष्णात कारागीर आणि त्याच्या पेटीत हे हत्यार नसावे?

रेकबीसीडी एकेकटे पाहण्याचे काम २००१ साली ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन स्वतंत्र गटांनी प्रसिद्ध केले. त्यांपैकी कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील कोवाल्चिकोव्स्की यांच्या गटाने ४८,५०२ अक्षरजोड्यांचा डीएनए रंगवून मण्याला बांधला, मणी लेसरच्या चिमट्यात धरला आणि मोकळ्या टोकावर एक रेकबीसीडी बसवले. इंधन म्हणून एटीपी मिळताच चमकता धागा टोकाकडून आखूड होत गेला. वेग सेकंदाला कमाल ९७२ अक्षरजोड्यांच्या घरात. एका रेणूने तर न थांबता ४२,३०० जोड्या उलगडल्या. २००३ साली आणखी एक गोष्ट दिसली : ‘काय’ नावाची आठ अक्षरांची खूण आली, की यंत्र काही सेकंद थबकते आणि मग सुमारे निम्म्या वेगाने पुढे निघते. तिथून त्याचे वर्तन बदलते; खाणारा जोडणाऱ्याचा मदतनीस होतो.

एक हिशेब करून पाहू. डायनोकॉकसचा जनुकसंच सुमारे ३३ लाख जोड्यांचा. त्याचे शंभर तुकडे झाले, तर एक तुकडा सरासरी ३३ हजारांचा. असा तुकडा हे यंत्र अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपवील. एकाच ठिकाणी तुटलेल्या लांब धाग्यासाठी हा आवेश उपयोगाचा. चिंध्यांच्या ढिगात मात्र आत्मघातकी ठरू शकतो.

२००८ साली ट्रॉम्बेच्या खैरनार, कांबळे आणि मिश्रा यांनी ही शंका जिवंत पेशीत तपासता येईल असा प्रयोग प्रसिद्ध केला. ई. कोलायची रेकबी आणि रेकसी जनुके त्यांनी डायनोकॉकसमध्ये घातली. नवे हत्यार मिळालेला हा कारागीर दुबळा झाला. गॅमा किरणांपुढील त्याची तग धरण्याची ताकद जवळजवळ शंभर पटींनी घटली, तुटलेला डीएनए अधिक वेगाने नष्ट होऊ लागला आणि जोडणी रेंगाळली. डेव्हिसमधील आकडे पूर्ण रेकबीसीडीचे, काचेवरचे. ट्रॉम्बेत बाहेरून आणलेले दोनच घटक आणि सगळी पेशी. त्यामुळे एकाचा वेग दुसऱ्यास जसाच्या तसा लावता येत नाही. पण दोन्ही एकत्र वाचले, की ती उणीव उणीव वाटेनाशी होते.

याच प्रयोगाचा दुसरा निष्कर्ष मला अधिक विचार करायला लावतो. सूर्यप्रकाशातील सौम्य अतिनील किरणांपुढे तीच बदललेली पेशी जवळजवळ तिप्पट टिकाऊ ठरली. मग डायनोकॉकसने उन्हातला हा फायदा का सोडला असावा? निसर्गात हजारो ग्रेचा मारा तर कुठेच होत नाही. १९९६ साली मॅटिमोर आणि बॅटिस्टा यांनी सुचवलेले उत्तर असे, की ही ताकद मुळात किरणांसाठी नाहीच; ती कोरडेपणासाठी आहे. पाणी आटले, की पेशीतील डीएनए तसाच ठिकठिकाणी तुटतो. किरणांपुढे दुबळे पडलेले त्यांचे उत्परिवर्तित जिवाणू सुकवल्यावरही तग धरू शकले नाहीत. आटलेल्या पाणवठ्याच्या भेगाळ चिखलात पहिल्या पावसाची वाट पाहत पडून राहणे ज्यांना साधते, त्यांनाच अणुभट्टीचा मारा सोसणेही साधते.