वारस आल्यावरही चालणारी यंत्रे

आपण १९९५ साली दहावी झालो. त्या काळात ज्याला आपण नुसते 'व्हिडिओ गेम' म्हणायचो, त्या यंत्राचे खरे वय काय होते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. टीव्हीला अँटेनाच्या जागी वायर जोडायची, कॅसेट बसवायची, चालली नाही तर काढून फुंकर मारायची, की मारिओ नाहीतर कॉन्ट्रा सुरू. बहुतेक घरांतले ते यंत्र जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या 'फॅमिकॉम'ची नक्कल होते. मूळ फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये आले, म्हणजे आपण बालवाडीत होतो तेव्हा. त्याचा वारस 'सुपर फॅमिकॉम' नोव्हेंबर १९९० मध्ये आला, तेव्हा आपण सहावीत होतो. आणि आपण दहावीच्या सराव परीक्षांच्या तयारीत असताना, ३ डिसेंबर १९९४ रोजी, सोनीचे पहिले प्लेस्टेशन जपानच्या दुकानांत लागले. आपल्याला जे अगदी नवे वाटत होते, ते त्याच्या मायदेशी दोन पिढ्या जुने झाले होते.

असे असूनही ते यंत्र मेले नव्हते. व्हिडिओ गेमच्या यंत्राचा, म्हणजे कन्सोलचा, वारस कधी येतो आणि त्याचे आयुष्य कधी संपते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला तर हे स्पष्ट दिसते.

सुरुवात अमेरिकेतल्या अटारीपासून करू. अटारी २६०० सप्टेंबर १९७७ मध्ये आले. पाच वर्षांनी, १९८२ मध्ये, कंपनीने त्याचा वारस म्हणून अटारी ५२०० काढले. नवे यंत्र अधिक ताकदवान होते, पण थोरल्याच्या कॅसेट त्यात थेट चालत नव्हत्या. लोकांनी घरात जमवलेले खेळ एका फटक्यात परके झाले. त्यातच १९८३ मध्ये अमेरिकेतला हा सगळा बाजारच कोसळला आणि १९८४ मध्ये ५२०० बंद पडले. थोरले २६०० मात्र १९८६ मध्ये लहान आकारात, स्वस्त किमतीला पुन्हा बाजारात आले आणि १९९२ च्या सुरुवातीपर्यंत टिकले. वारस आधी गेला आणि म्हातारा आठ वर्षे मागे राहिला.

मग वारस आणायचाच कशाला? पहिले कारण अर्थातच चिपचे. चिप दर काही वर्षांनी स्वस्त आणि वेगवान होत गेल्या, आठ बिटचे सोळा बिट झाले, सोळाचे बत्तीस. दुसरे कारण शेजाऱ्याचे. सेगा कंपनीने ऑक्टोबर १९८८ मध्ये सोळा बिटचे मेगा ड्राइव्ह काढल्यावर निन्टेन्डोला फार काळ गप्प बसणे परवडणारे नव्हते. पण घाई न करण्यालाही तितकेच भक्कम कारण आहे. कन्सोल अनेकदा नाममात्र नफ्यावर, कधी तर तोट्यातही विकला जातो. सोनीने प्लेस्टेशन-३ सुरुवातीला तोट्यातच विकले. पैसा सुटतो तो पुढे वर्षानुवर्षे विकल्या जाणाऱ्या खेळांवर. खेळ बनवणाऱ्यांनाही नवे यंत्र उमजायला दोनतीन वर्षे लागतात. म्हणूनच एखाद्या कन्सोलचे उत्तम खेळ पुष्कळदा त्याच्या उतारवयात येतात.

घाईची किंमत काय असते, हे सेगानेच दाखवून दिले. नोव्हेंबर १९९४ मध्ये तिने अमेरिकेत जुन्या यंत्राला जोडायचे '३२एक्स' नावाचे उपकरण काढले आणि त्याच महिन्यात जपानमध्ये 'सॅटर्न' हे वेगळेच नवे यंत्र आणले. मे १९९५ मध्ये सॅटर्न अमेरिकेतही ठरल्या तारखेच्या चार महिने आधी अचानक विक्रीला काढले. ज्या दुकानदारांना माल मिळाला नाही ते दुखावले आणि ३२एक्स घेणाऱ्यांचे पैसे वाया गेले. चार वर्षांनी, नोव्हेंबर १९९८ मध्ये, 'ड्रीमकास्ट' आले. ते चांगले यंत्र होते, पण तोवर गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला होता. मार्च २००१ मध्ये त्याचे उत्पादन थांबले आणि सेगा कन्सोलच्या धंद्यातून कायमची बाहेर पडली. आज ती फक्त खेळ बनवते.

याच्या उलट उदाहरण सोनीचे. प्लेस्टेशन-२ मार्च २००० मध्ये आले, पहिल्यानंतर सव्वापाच वर्षांनी, आणि त्यात जुन्या प्लेस्टेशनच्या डिस्क चालत होत्या. वारसाने थोरल्याची जमापुंजी सांभाळली. पुढे नोव्हेंबर २००६ मध्ये प्लेस्टेशन-३ आले तरी प्लेस्टेशन-२ चे उत्पादन २०१२ च्या अखेरीपर्यंत चालू राहिले. १५ कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली. फिफा फुटबॉलचा खेळ २०१३ सालीसुद्धा त्यावर निघाला, प्लेस्टेशन-४ ज्या वर्षी आले त्याच वर्षी.

आपल्या देशाचा दुवा इथेच जुळतो. हैदराबादला तयार झालेला 'हनुमान : बॉय वॉरियर' हा खेळ २००९ मध्ये निघाला तो याच प्लेस्टेशन-२ साठी. जगाच्या लेखी ते यंत्र तेव्हा मागच्या पिढीचे होते. भारतीय कथेवर भारतात घडवलेला खेळ त्या 'जुन्या' यंत्रावर आला, कारण आपल्याकडच्या घरांत तेच परवडत होते. फॅमिकॉमचेही तसेच. निन्टेन्डोने त्याचे उत्पादन २००३ मध्ये थांबवले, तेव्हा त्याला वीस वर्षे झाली होती.

आता दोन पिढ्यांमधले अंतर वाढते आहे. निन्टेन्डो ६४ (१९९६), गेमक्यूब (२००१) आणि वी (२००६) यांच्यात पाचपाच वर्षे होती. प्लेस्टेशन-३ ते ४ आणि ४ ते ५ यांत सातसात वर्षे गेली. निन्टेन्डोचे स्विच मार्च २०१७ मध्ये आले आणि स्विच-२ जून २०२५ मध्ये, म्हणजे सव्वाआठ वर्षांनी. खेळ बनवायला लागणारा वेळ आणि खर्च फार वाढला आहे. शिवाय चित्रातला फरकही आता पूर्वीसारखा डोळ्यांत भरत नाही.

यावरून नवी यंत्रे जास्त टिकतात असे वाटेल. मला तशी खात्री वाटत नाही. निन्टेन्डोने 'वी यू' या कन्सोलवरच्या ऑनलाइन दुकानातली खरेदी मार्च २०२३ मध्ये बंद केली, आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यावरचे ऑनलाइन खेळणेही थांबवले. जे खेळ फक्त त्या दुकानात मिळत होते, ते आता नव्याने विकत घेता येत नाहीत. यंत्र धडधाकट असूनही दूरच्या कार्यालयातल्या एका निर्णयाने त्याचे आयुष्य आखडते. आपल्या कॅसेटला कोणाची परवानगी लागत नव्हती. तिला फक्त जुना टीव्ही लागे. बदके मारायची ती बंदूक तर काचेच्या नळीच्या टीव्हीशिवाय चालतच नाही, आजच्या सपाट पडद्यावर ती आंधळी आहे.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, मुलांना नवा कन्सोल घेऊन देताना दोन गोष्टी विचारून घ्या : जुने खेळ यात चालतील का, आणि इंटरनेट नसताना हा किती चालेल? आणि माळ्यावर एखादा जुना व्हिडिओ गेम, दोनचार कॅसेट आणि नळीचा टीव्ही पडून असेल, तर भंगारात देण्याआधी बॅचच्या ग्रुपवर एकदा कळवा. घ्यायला कोणीतरी नक्की येईल.