मधला नट आधी

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्र बंद असतो आणि पालघरच्या किनाऱ्यावर तोच इंजिनं खोलायचा हंगाम. सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी, कुठेही जा. बोटी वर ओढलेल्या, त्यांच्यावर प्लास्टिक चढलेलं आणि कुणाच्या तरी ओटीवर गोणपाटावर सिलिंडर हेड उलटं टाकलेलं. पिस्टन किती घासला, नोझलचा फवारा कसा पडतो, यावर सगळे तावातावाने बोलतात. हेड परत बसवून आवळणं मात्र शेवटी, अंधार पडता पडता उरकायचं काम. माझं मत उलट आहे. या पट्ट्यात यंत्रविद्या कुठून आली आणि कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेली हे बघायचं असेल, तर हेडचे नट कोण कसे आवळत होतं ते बघावं.

मी माहीमचा. मुंबईचं माहीम नव्हे, केळव्याशेजारचं आमचं. आयटीआय केलं आणि तारापूर एमआयडीसीत मेंटेनन्स फिटर म्हणून नोकरी संपवली. घरी पानवेलीची वाडी होती, विहिरीवर आधी रहाट होता, मग एका सिलिंडरचं किर्लोस्कर डिझेल इंजिन आलं. त्या काळी महाराष्ट्रात वाड्या-मळ्यांतल्या विहिरींवर दोन नावं ऐकू यायची: किर्लोस्कर आणि कूपर. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली खडकीला निघाली, एका ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने. कूपर साताऱ्याचे, आणि त्याहून जुने. त्यांचे मालक धनजीशा कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते, आजच्या भाषेत मुख्यमंत्री. इंजिनवाल्याने राज्य चालवल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

समुद्रावरची गोष्ट त्याच सुमाराची. पहिल्या पंचवार्षिक योजनेत, म्हणजे १९५१ ते ५६ मध्ये, मच्छीमार होड्यांना इंजिन बसवायची मोहीम निघाली आणि त्यात मुंबई राज्य पुढे होतं. सरकारने कर्ज दिलं, सवलत दिली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे नौकारचनाकार इथे येऊन होड्यांची मापं घेऊन गेले. मत्स्यव्यवसायाच्या अहवालांत ‘सातपाटी पद्धतीची नौका’ असा वेगळा प्रकारच नोंदला गेला. शीड असलेल्या होडीला वारा पडला की थांबावं लागे आणि थांबलं की पापलेटचं पाणी होई. इंजिनाने ती भीती घालवली. पण इंजिन कर्जावर मिळतं, मेकॅनिक कर्जावर मिळत नाही. तांडेलाला वारा, भरती, जाळं सगळं कळत होतं. गॅस्केट फुटून ऑइल दुधासारखं झालं की काय करायचं, ते कळायला आणखी एक पिढी जावी लागली.

मधल्या काळात ती पोकळी भरून काढली रेल्वेने. पालघर, बोईसर, डहाणू ही स्टेशनं जुन्या बी.बी. अँड सी.आय. रेल्वेवरची, पुढे तीच पश्चिम रेल्वे झाली. तिच्या लोअर परळच्या वर्कशॉपात आमच्याकडची माणसं कामाला होती. माझे मामा त्यातले. रविवारी घरी आले की गावातली इंजिनं त्यांची वाट बघत असत. बोटवाले त्यांना मास्तर म्हणत, शाळेशी त्यांचा काही संबंध नसताना.

मामांच्या हातून पहिली शिकलो ती स्वच्छता. हेड उतरवलं की ब्लॉकचा माथा पट्टीने तपासायचा, जुन्या गॅस्केटचा कपटाही ठेवायचा नाही. बोल्टाची भोकं वाती घालून कोरडी करायची. बंद भोकात तेल किंवा पाणी राहिलं आणि वरून बोल्ट आवळला, तर त्याला पळायला जागा नसते. ते दाबलं जातं आणि ओतीव लोखंडाचा ब्लॉक तडकतो. आट्यांना मात्र तेलाचं एक बोट फिरवायचं, जास्त नाही. बोटींच्या स्टडला मीठ खातं, म्हणून आटे ब्रशने उजळेपर्यंत घासायचे आणि नट नुसत्या बोटांनी तळापर्यंत फिरतो का ते बघायचं. फिरला नाही तर पाना हातात घ्यायचाच नाही.

मग क्रम. मधला नट आधी, त्याच्या समोरचा, मग फुलीत बाहेर बाहेर जात कडेचे. आणि तेही एका दमात नाही. “पंगतीत भात वाढतात ना, तसा जोर वाढायचा,” मामा म्हणत. “पहिल्याच पानावर टोप रिकामा केलास तर कडेचा उपाशी उठतो.” पहिल्या फेरीत तिसरा हिस्सा, दुसरीत दोन हिस्से, तिसरीत पुरा. कारण सोपं आहे. कडेपासून आवळत आलं तर हेड मधे किंचित फुगून बसतं, गॅस्केट मधे सैल राहतं आणि आग नेमकी दोन सिलिंडरांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून वाट काढते. खोलताना उलट: कडेकडून मधे, आणि इंजिन पूर्ण गार झाल्यावरच.

तांबं-ॲस्बेस्टॉसची ती जुनी गॅस्केटं एकदा आवळून भागत नसत. इंजिन चालवून गरम करायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा त्याच क्रमाने नट धरायचे. तोवर गॅस्केट दबलेलं असायचं आणि प्रत्येक नट थोडा थोडा घेई. नव्या हंगामाची पहिली फेरी मारून आल्यावर ही दुसरी आवळणी चुकवणारे नाखवे कमी नव्हते. त्यांची बोट भर हंगामात ओढून आणलेली मी बघितली आहे.

जोर किती लावायचा याचं माप तेव्हा पान्याची लांबी. नट सुतांत मोजायचे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चार सुती म्हणजे अर्धा इंच. जुनी ब्रिटिश इंजिनं व्हिटवर्थ आट्यांची. इंग्लंडमधल्या जोसेफ व्हिटवर्थने ते प्रमाण १८४१ साली बांधून दिलं होतं आणि त्याच्या पान्यावरचा आकडा नटाच्या रुंदीचा नसून बोल्टाच्या जाडीचा असतो. भारताने १९५६ मध्ये मेट्रिक मापांचा कायदा केला, पण पान्यांच्या पेटीत तो पोचायला फार वर्षं लागली. तोवर मिलिमीटरचा पाना व्हिटवर्थच्या नटावर ‘जवळजवळ’ बसायचा आणि नटाचे कोपरे मारायचा.

सातपाटीत एक जुगाड पाहिलं होतं, ते मला अजून आवडतं. मासळी तोलायचा ताणकाटा पान्याच्या टोकाला अडकवायचा, नटापासून बरोबर तीस सेंटिमीटरवर, आणि काटकोनात ओढायचा. काटा तीस किलोवर गेला की नऊ किलोग्रॅम-मीटर झाले, फूट-पाउंडात पासष्ट. कंपनीच्या पुस्तकातला आकडा तेवढाच असेल तर याहून वेगळा टॉर्क रेंच काय करतो? विकतच्या टॉर्क रेंचची गोष्टही अशाच गरजेतून सुरू झालेली: न्यूयॉर्कच्या पाणी खात्यातल्या कॉनरॅड बार नावाच्या माणसाने १९१८ च्या सुमाराला तो बनवला, पाइपांच्या जोडावरचे बोल्ट कमी-जास्त आवळले जाऊ नयेत म्हणून.

आमच्याकडे खरा टॉर्क रेंच आला तो कारखान्यांच्या वाटेने. तारापूर एमआयडीसीत रसायनांचे आणि औषधांचे रिॲक्टर उभे राहिले, त्यांची झाकणं आणि फ्लँज गळून चालत नव्हते. सुपरवायझर आकडा लिहून देई, आम्ही तो लावत असू. हा आकडा हातात आल्यावर काही जणांना वाटलं, आता मास्तरांची विद्या संपली. मला तसं कधी वाटलं नाही. टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. आपल्याला हवा असतो बोल्टातला ताण. त्या जोरातला ढोबळमानाने निम्मा नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांत, आणि बोल्ट ताणायला उरतात जेमतेम दहा टक्के. आटे गंजलेले असतील तर रेंच बरोबर आकडा दाखवतो आणि बोल्ट ढिला राहतो. म्हणजे ब्रश घेऊन आटे घासणाऱ्या मामांचं काम आकड्याने रद्द केलं नाही, उलट त्याच कामावर आकडा उभा आहे.

या घर्षणावरचा सगळ्यात राजेशाही इलाज आमच्या शेजारीच आहे. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या, उकळत्या पाण्याच्या पद्धतीच्या. २८ ऑक्टोबर १९६९ पासून त्यांची वीज व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. अशा भट्टीत इंधन बदलायचं तर पात्राचं वरचं झाकण काढावं लागतं, आणि ते झाकण जाड स्टडांच्या कड्याने धरलेलं असतं. अशा स्टडांना कोणी पिळत बसत नाही. हायड्रॉलिक टेन्शनर स्टडला पकडून सरळ वर ताणतो, ताणलेला असतानाच नट खाली बसवतात, मग दाब सोडतात. पीळ नाही, म्हणून घर्षणाची चोरी नाही. पण तिथेही टप्पे असतात आणि क्रम असतो. एका बाजूने सुरू करून गोल फिरत गेलं तर झाकण तिरकं बसेल, हे भट्टीलाही लागू आहे आणि पानवेलीच्या वाडीतल्या पाच घोड्यांच्या इंजिनालाही.

आता किनाऱ्यावर सहा सिलिंडरची लेलँड इंजिनं जास्त दिसतात, आणि मेकॅनिक गावातलाच असतो. मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणात नौकानयनाबरोबर डिझेल इंजिनाची देखभाल आहे, त्यामुळे तांडेलाच्या मुलाला गॅस्केटची भाषा कळते. ॲस्बेस्टॉस गेलं, पोलादाच्या पातळ थरांची गॅस्केटं आली. ती दुसऱ्यांदा आवळायची नसतात, आणि जुन्या सवयीने आवळणारे चूक करतात. बऱ्याच नव्या गाड्यांच्या इंजिनांत बोल्ट ठरलेल्या टॉर्कपर्यंत न्यायचा आणि मग आणखी नव्वद अंश फिरवायचा अशी पद्धत आहे. तो बोल्ट मुद्दाम लांबवलेला असतो, परत वापरायचा नसतो. इथे भांडण होतं. गाडीवाला म्हणतो, चांगला दिसतोय की, टाक तोच. बोईसरला माझा भाचा गॅरेज चालवतो. तो अशा वेळी जुना आणि नवा बोल्ट काचेवर शेजारी उभे करून दाखवतो. लांबीतला फरक नखाएवढा असतो, पण दिसतो. मग गिऱ्हाईक पैसे काढतं. भाचा प्रत्येक बोल्टाच्या माथ्यावर खडूची रेघ मारतो, पाना लावतो, रेघ पाव फेरा फिरली की पुढच्याकडे जातो. मधल्यापासून, फुलीत.