उळवीची वाट आणि ओढीचे बळ

माघ पौर्णिमेच्या सुमारास उत्तर कन्नड जिल्ह्यातील उळवी येथे चन्नबसवेश्वरांची यात्रा भरते. धारवाड, बेळगाव, हावेरी या बाजूंचे शेतकरी आजही बैलगाड्या जुंपून तेथे जातात. काळ्या सपाट रानातून निघालेली गाडी जोयडा, म्हणजे पूर्वीच्या सुपे तालुक्याच्या अरण्यात शिरली की चढउतार सुरू होतात, आणि घरी ज्या बैलांचे कौतुक केले त्यांची खरी पारख तेथे होते. अलीकडे ट्रॉली जोडलेले ट्रॅक्टरही यात्रेस येऊ लागले आहेत. शेतीच्या भारी ओझ्यासाठी केवढ्या ताकदीची मालमोटार घ्यावी, हा आजच्या शेतकऱ्याचा प्रश्न आहे. परंतु हा प्रश्न इंजिनाहून पुष्कळ जुना आहे.

म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर (1672–1704) यांच्या पदरी असलेल्या गुरांच्या कळपांचा पुढे हैदरअलीने तोफा व रसद वाहण्याकडे उपयोग केला. टिपूने त्यांस ‘अमृतमहाल’ हे नाव दिले. हा बैल काही अजस्र नव्हे. सडपातळ, तापट, परंतु चालीस चपळ आणि विलक्षण काटक. 1799 साली श्रीरंगपट्टण पडले आणि हे कळप इंग्रजांच्या हाती आले. 1803 साली मराठ्यांवर चालून आलेल्या ऑर्थर वेलस्लीच्या सैन्याची गती पुष्कळ अंशी या म्हैसुरी बैलांवर अवलंबून होती. त्या पराभवाची मीमांसा करताना आपण कवायती पलटणी मोजतो, तोफा मोजतो. त्या ओढणाऱ्या बैलांची दखल मात्र क्वचितच घेतो!

कृष्णाकाठची गोष्ट निराळी. तेथील काळी जमीन पावसात चिकट होते, नांगर धरून ठेवते. तेथे चपळाईपेक्षा वजन हवे. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सांगली-मिरजेकडील पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने गीर, ओंगोल, कांक्रेज आणि म्हैसुरी रक्ताच्या मिश्रणातून कृष्णाखोरी जनावर सिद्ध झाले: थोराड, संथ, भक्कम. दोहोंपैकी श्रेष्ठ कोण, हा वाद व्यर्थ होय. एक वाटेसाठी घडला, दुसरा मातीसाठी. ट्रॅक्टर आल्यावर कृष्णाखोरी बैलाची मागणी ओसरली आणि आज त्या जातीची जनावरे थोडीच उरली आहेत.

मोटारीच्या युगातही हीच निवड पुन्हा पुढे आली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्यातून 1947 साली कुर्ल्यास वाहने बाहेर पडू लागली. 1954 साली टेल्कोने डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूर येथे मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. हमरस्त्यावर या मोठ्या गाड्यांनी राज्य केले. परंतु शेताच्या बांधापर्यंत जाणारी अरुंद वाट त्यांना पेलणारी नव्हती. 1986 साली आलेली टाटा 407 ही लहान मालमोटार खेड्यापाड्यांत चटकन रुळली, ती याच कारणाने.

आता ओझे वाहणे आणि ओझे ओढणे यांतील भेद ध्यानी घ्यावा. पाठीवरच्या ओझ्याचा भार मागील आसावर आणि कमानपाट्यांवर येतो. तेथे जोडटायर व जाड पाटे कामास येतात. मागे जोडलेली ट्रॉली मात्र चढावर मागे खेचते आणि उतारावर पुढे ढकलते. दहा हातांत एक हात चढ असेल, तर पाच टनांच्या ओझ्यासाठी केवळ चढापोटीच सुमारे अर्ध्या टनाची अधिक ओढ लागते. उतारावर तेवढाच रेटा पाठीशी असतो, आणि शेतीच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. वळणावर हा रेटा तिरका लागला तर पुढचे वाहन आडवे होते. जाहिरातीतील अश्वशक्तीचा आकडा येथे फारसा उपयोगी नाही. खालच्या गिअरची ताकद, ब्रेक, आणि ओढणाऱ्या वाहनाचे स्वतःचे वजन या गोष्टी आधी पाहाव्या.

जोयड्याकडील भात आणि सुपारी यांचे ओझे बेताचे, वाटा मात्र वळणावळणाच्या. तेथे लहान मालमोटार पुरते असे माझे मत आहे. हल्याळकडील उसाचे गणित वेगळे आहे. तथापि कोणतेही वाहन विकत घेण्यापूर्वी, विक्रेत्याची हरकत नसल्यास, ते आपल्याच वाटेवर भरल्या ओझ्यानिशी न्यावे आणि चढण्यापेक्षा उतरताना ते कसे वागते हे पाहावे. उळवीच्या वाटेवरचा गाडीवानही उतार आला की खाली उतरतो, चाकावर लाकडाचा दाब आवळतो आणि बैलांच्या पुढे होऊन त्यांना हळूहळू खाली घेतो.