न जळणारी शेकोटी

शाळेच्या स्नेहसंमेलनातली शेकोटी तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली असेल. चार लाकडं, त्यांवर लाल-पिवळा जिलेटिन कागद आणि आत एक बल्ब. पोरखेळ वाटतो ना? पण मंडळी, हा पोरखेळ निर्धास्तपणे करता यायला एकोणिसावं शतक संपत यावं लागलं.

कारण साधं आहे. खोटा जाळ दिसायचा तर त्याला आतून उजेड हवा, आणि तोवर उजेड म्हणजेच ज्योत. मेणबत्ती, तेलाचा दिवा, नंतर गॅस. काचेआड ठेवली तरी ज्योतीला हवा लागतेच आणि ती तापतेच. युरोपातली नाट्यगृहं तर आग दाखवायला बऱ्याचदा आगच वापरत. लायकोपोडियम या वनस्पतीची बारीक पिवळी भुकटी स्पिरिटच्या ज्योतीवर फुंकायची. भपकन मोठा जाळ उठायचा, क्षणात विझायचा. दिसायला झकास! पण वर रंगवलेले कापडी पडदे टांगलेले.

८ डिसेंबर १८८१. व्हिएन्नाचं रिंगथिएटर. प्रयोग सुरू व्हायच्या आधी रंगमंचावरचे दिवे लावताना साठलेल्या गॅसचा भडका उडाला. साडेतीनशेहून अधिक माणसं गेली. लक्षात घ्या, तिथे आगीचा प्रवेश नव्हता. नुसता उजेड करायचा होता.

वीसच दिवसांनी, २८ डिसेंबरला, लंडनच्या सॅव्हॉय थिएटरचे मालक रिचर्ड डॉयली कार्ट पेटता विजेचा दिवा घेऊन प्रेक्षकांसमोर आले. दिव्याला मलमल गुंडाळली आणि दिवा फोडला. कापड जळलं नाही! हवा लागताच आतला कार्बनचा धागा संपतो, म्हणून.

माझ्या मते खोट्या आगीचा खरा इतिहास इथून सुरू होतो. लाकडांत दिवा लपवता आला, पुढे विजेचा पंखाही. तलम रेशमाच्या टोकदार, लहानमोठ्या पट्ट्या, खालून वारा आणि खालूनच नारिंगी प्रकाश. वरून प्रकाश टाकलात तर जाळ दिसत नाही, फडफडणारं कापड दिसतं.

वीज काही सोवळी नाही, बरं का. १९०३ साली शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरात आर्क दिव्याच्या ठिणगीने पडदा पेटला आणि सहाशेवर लोक मेले. साधा तारेचा बल्बसुद्धा कागदाला टेकला तर कागद करपतो. घरात करणार असाल तर कमी वॅटचा एलईडी घ्या आणि रेशीम पंख्याच्या पात्यात जाणार नाही एवढं बघा.