संगणकाचे वैद्य

गेल्या पावसाळ्यांत आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयांतील संगणक एके सकाळीं मुका झाला. दिवा लागे, पंखा फिरे, पण पडदा काळाच राही. दुरुस्तीसाठीं बोलाविलेल्या गृहस्थांनीं तो जेमतेम पांच मिनिटें पाहिला, 'मदरबोर्ड गेला' असा निकाल दिला आणि नव्या यंत्राचें दरपत्रक टेबलावर ठेवून ते चालते झाले. दुसऱ्या दिवशीं पदविकेच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें खोकें उघडलें, स्मृतीची, म्हणजे ज्याला सर्वत्र रॅम म्हणतात ती, पट्टी खांचेंतून काढली, तिची सोनेरी कड साध्या खोडरबरानें पुसली व ती पुन्हां घट्ट बसविली. यंत्र पूर्ववत् चालूं लागलें! तेव्हांपासून आमच्या मनांत एक विचार घोळत आहे. संगणकाचा इतिहास सांगतांना आपण तो निर्माण करणारांचीं नांवें घोकतों; तो चालता ठेवणारांची आठवण कोणी काढीत नाहीं. वास्तविक त्या यंत्राच्या अंतरंगाला आजचा आकार आला, त्यास हे दुरुस्ती करणारे लोक पुष्कळ अंशीं कारण आहेत.

१९४६ सालच्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत, 'एनिअ‍ॅक' हें यंत्र जगापुढें मांडण्यांत आलें. त्याचें वजन सुमारें ३० टन, आणि त्यांत व्हॉल्व्ह सुमारें १८,०००. ज्यांच्या घरीं जुना रेडिओ होता त्यांस व्हॉल्व्ह म्हणजे काय तें सांगावयास नको. पांच-सहा व्हॉल्व्हचा रेडिओसुद्धां मधून मधून दुकानाची वारी करी; मग अठरा हजारांची कथा काय? हें यंत्र घटकाभर तरी धड चालेल काय, अशी शंका जाणत्यांनींहि घेतली होती. मुख्य अभियंता प्रेस्पर एकर्ट यानें यावर युक्ति काढली. व्हॉल्व्हला जितका विद्युद्दाब सोसतो त्याहून पुष्कळच कमी दाबावर तो ते चालवी. शिवाय तापतांना आणि निवतांनाच ते बहुधा दगा देतात हें ओळखून यंत्र शक्यतों बंद करावयाचें नाहीं, असा शिरस्ता पडला. आणि तिसरी गोष्ट आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची: अंक मोजणारे भाग त्यानें उपसून काढतां येतील असे केले. एक भाग बिघडला कीं तो ओढून काढावा, दुसरा बसवावा, आणि बिघडलेला मागाहून सावकाश तपासावा. आजच्या संगणकांतील खांचा व पट्ट्या यांचें कुळ येथें सांपडतें.

परंतु बिघडलेला भाग कोणता, हें कोणी सांगावें? या ठिकाणीं सहा तरुण स्त्रियांचीं नांवें घेतलींच पाहिजेत: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्स, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास व रूथ लिक्टरमन. त्यांची नेमणूक यंत्रावर गणितें मांडण्यासाठीं झाली होती. शिकण्यास पुस्तक नव्हतें. यंत्राचे आराखडे तेवढे हातीं आले, आणि त्यांवरून त्या यंत्राचें अंग अन् अंग शिकल्या. उत्तर आधींच ठाऊक असलेलें गणित यंत्राला घालावें, तें कोणत्या पायरीवर चुकतें तें पाहावें, आणि तेथून बिघाडाचा माग काढीत जावें, अशी ही विद्या. अखेरीस नेमका कोणता व्हॉल्व्ह गेला येथपर्यंत त्यांची मजल पोंचली. यंत्राच्या प्रसिद्धिसमारंभानंतर जी मेजवानी झाली, तिचें मात्र त्यांस बोलावणें नव्हतें.

ही विद्या मुंबईसहि फार उशिरां आली असें नाहीं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं एका लहानशा मंडळीनें संगणक बांधावयास घेतला. नमुन्याचें यंत्र १९५६ त आणि पूर्ण यंत्र १९६० त चालू झालें. पुढें १९६२ त त्यास 'टिफ्रॅक' हें नांव मिळालें. त्यांत २,७०० व्हॉल्व्ह व १२,५०० रेझिस्टर होते. ज्यांनीं बांधलें त्यांनींच सांभाळावें, ही तेथील रीत. आणि बांधणारास रोग कोठें असेल हें निराळें शिकवावें लागत नाहीं. भाड्यानें आणलेल्या यंत्रांची गोष्ट वेगळी. १९७८ त आयबीएम कंपनीनें भारतांतील कारभार आटोपला तेव्हां तिचीं ठिकठिकाणचीं यंत्रें सांभाळण्याचें काम एका सरकारी कंपनीकडे आलें. तिचें नांवच मुळीं 'कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन'. विक्रीचा नव्हे, निगराणीचा शब्द नांवांत मिरविणारी कंपनी आम्हांस तरी दुसरी आठवत नाहीं.

याच आयबीएमनें १२ ऑगस्ट १९८१ रोजीं घरगुती आकाराचा 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारांत आणला. त्याच्या मदरबोर्डावर पांच खांचा होत्या. आणि विद्युन्मंडलाच्या आकृत्यांसह त्याचें समग्र तांत्रिक पुस्तक कोणासहि विकत मिळे. चालू होतांच यंत्र स्वतःची नाडी स्वतःच पाही: सर्व ठीक असल्यास एक शीळ, स्मृतींत दोष असल्यास पडद्यावर २०१ हा आंकडा, कळफलकांत असल्यास ३०१. फिलाडेल्फियाच्या त्या सहाजणींचें काम आतां थोडेंबहुत यंत्रच करूं लागलें. मात्र येथें एक गंमत आहे. उपसतां यावे म्हणून जे सांधे ठेवले तेच रोगाचें घर झाले. खोबणींत बसविलेल्या स्मृतीच्या चिपा रोज तापून निवून हळूहळू वर सरकत, आणि त्या अंगठ्यानें दाबून बसविणें हा जाणत्या कारागिराचा पहिला उपचार असे. आमच्या ग्रंथालयांतला दोष याच जातीचा. पावसाळी दमट हवेनें पट्टीच्या कडेवर मळ धरला होता, इतकेंच. अलीकडील कित्येक पातळ संगणकांत स्मृति मदरबोर्डावर झाळूनच टाकतात. सांधा गेला, त्याचा रोगहि गेला. पण वैद्याचा दरवाजाहि बंद झाला. हा सौदा ग्राहकाच्या हिताचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

"मदरबोर्ड गेला नाहीं हें तूं कशावरून ताडलेंस?" असें आम्हीं त्या विद्यार्थ्यास विचारलें. तो म्हणाला, "सर, मी आधीं पट्टी काढून यंत्र चालू केलें. तें टूं टूं करून ओरडलें. म्हणजे पट्टी नाहीं हें त्याला कळत होतें. मदरबोर्ड मेला असता तर ओरडलें कोणी असतें?" पांच मिनिटांत निकाल देणाऱ्या गृहस्थांनीं ही पट्टी काढलीच नव्हती.